म्हापशातल्या होमस्टेची वेबसाइट बनवणाऱ्याकडून स्वतःच्या ताब्यात कशी घ्यावी?

आधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. ते बनवणाऱ्याच्या खात्यात असेल तर रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) स्वतःच्या ईमेलवर खातं उघडा आणि त्याला डोमेन अनलॉक करून ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड) द्यायला सांगा. डॉट कॉम नोंदवून ६० दिवस झाले नसतील तर सहसा थांबावं लागतं. दोघांचा रजिस्ट्रार एकच असेल तर बहुधा खात्यातल्या खात्यात हलवता येतं.

नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी देणारा सर्व्हर) बदलण्याआधी डीएनएसच्या, म्हणजे साइट आणि मेल कुठे जायचे ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी उतरवून ठेवा. लोक नेमके इथेच फसतात: एमएक्स, म्हणजे मेलची नोंद राहून गेली की साइट व्यवस्थित दिसते, पण बुकिंगचे मेल येत नाहीत. डिसेंबरात हे परवडायचं नाही, पावसाळ्यातच उरका.

साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) असेल तर स्वतःचं अ‍ॅडमिन खातं आणि डेटाबेससकट बॅकअप घ्या. नुसत्या फायलींत पानांचा मजकूर नसतो. बनवणाऱ्याचा प्रवेश सगळ्यात शेवटी काढा.