त्या गाडीला वरच्या क्लासमध्ये ढकलण्याआधी एकदा चालक बदलून बघा

खरं तर वाचून निघून जाणार होतो. पण टाइम ट्रायलसाठी (ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध धावायची स्पर्धा) गाड्यांचे क्लास, म्हणजे गट, कसे पाडावेत यावरच्या तुमच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य आलं आणि थांबलो: 'सलग तीन फेऱ्या तोच जिंकलाय, म्हणून पुढच्या फेरीपासून त्याची गाडी वरच्या क्लासमध्ये टाकायचं चाललंय.' नऊ वर्षांपूर्वी आमच्या कमिटीत हेच वाक्य मी बोललो होतो. जवळजवळ शब्दशः.

मला समजलं ते असं. तुमच्याकडे ३२ गाड्या आहेत, क्लास निव्वळ सीसीवर, म्हणजे इंजिनाच्या आकारावर, पाडलेत, १२०० पर्यंतच्या क्लासमध्ये एक ९९९ सीसीची टर्बो (इंजिनात हवा दाबून भरून जास्त ताकद काढणारी) सगळ्यांना धुऊन काढतेय. त्यात आणखी एकाने सेमी-स्लिक (जवळजवळ रेसचे, जास्त पकडीचे) टायर चढवल्यामुळे बाकीचे भडकलेत. वजन आणि ताकदीच्या गुणोत्तरावर जावं का, असा तुमचा प्रश्न आहे. हेल्मेट, टो-हुक, गाडीची सुरक्षा तपासणी वगैरे तुम्ही करत असालच, त्यात शिरत नाही. आणि आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. दहा-बारा वर्षं नियमावलीशी झटापट केलेला माणूस आहे. माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर असेल असं समजू नका.

आधी आमची चूक, कारण सगळ्यात महाग तीच पडली.

आमचेही क्लास सीसीचेच होते. १६०० च्या क्लासमध्ये एक जण जुनी, टर्बो नसलेली, हलकी गाडी घेऊन यायचा. दिसायला गाडी अगदी केविलवाणी, पुढचा बंपर केबल टायने बांधलेला. पहिल्या तिन्ही फेऱ्या तो जिंकला, तिसरी तर दीड सेकंदाने. दीड सेकंद म्हणजे टाइम ट्रायलमध्ये काय, ते तुम्हाला सांगायला नको. मग पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करतात तिथे) कुजबुज सुरू झाली. इंजिन उघडलेलं असणार, कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदललेला असणार. दुसरा येणारा गडी आमच्या कमिटीतलाच होता, हेही कबूल करून टाकतो.

आम्ही काय करायला हवं होतं? गाडी काट्यावर चढवायची, कॅम तपासायचा, निदान लॉगरमधला (धावताना गाडीचा वेग नोंदवणारं यंत्र) डेटा काढून बघायचा. आम्ही निकालाचा कागद बघितला आणि एका ओळीचा नियम लिहिला: '९५० किलोपेक्षा कमी वजनाची गाडी एक क्लास वर.' त्या वजनाची गाडी अख्ख्या क्लबात एकच होती. नियम कसला, नाव न घेता एका माणसाविरुद्ध काढलेलं फर्मान होतं ते.

चौथ्या फेरीच्या सकाळी कागद मीच त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि एवढंच विचारलं, "वजन कधी केलंत?" केलंच नव्हतं. ९५० हा आकडा आम्ही कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकातून उचलला होता. तो त्या दिवशी दोन लिटरवाल्यांत धावला, चौथा आला, कुरकुर केली नाही.

संध्याकाळी मोकळा सराव होता. आमच्या कमिटीतल्या गड्याने अर्धवट चेष्टेत त्याला म्हटलं, "माझ्या गाडीत बसून दाखव की." तो बसला. ती गाडी त्याच्या गाडीपेक्षा बरीच जड, इंजिन त्याच्याएवढंच, टायर तेच. तिसऱ्या लॅपला त्याने मालकाच्या आजवरच्या सर्वोत्तम वेळेतून १.२ सेकंद काढले. परक्या गाडीत, तिसऱ्या लॅपला! रात्री आम्ही दोघांचा डेटा एकावर एक ठेवून पाहिला. सरळ पट्ट्यावर दोघांचा वेग जवळपास सारखा, उलट मालकच ताशी एक-दोन किलोमीटरने पुढे. सगळा फरक दोन वळणांत होता. तिथे मालकाचा वेग जिथे सगळ्यात खाली येत होता, तिथे हा ताशी सात-आठ किलोमीटर जास्त वेग राखून होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, आमच्याकडे तर चोरही नव्हता.

त्याने जॅक डिकीत टाकला, टॉर्क रेंच तिच्या डब्यात नीट बसवला, सगळ्यांशी हात मिळवला आणि गेला तो गेलाच. मी दोनदा फोन केला. माफीही मागितली. तो छान बोलला, पण आला नाही. नव्या पोरांना टायरचं प्रेशर कसं वाचायचं हे तोच शिकवायचा, त्यामुळे त्याच्या शेजारी गाड्या लावणारे पाच-सहा जणही पुढच्या हंगामात आले नाहीत. २८ गाड्यांचे आम्ही १७ वर आलो. भरून यायला चार वर्षं लागली.

म्हणून माझं पहिलं आणि हट्टी मत: हंगाम सुरू झाला की क्लासला हात लावायचा नाही. सुरक्षेचा प्रश्न किंवा उघड फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, 'गाडी फार जोरात आहे' असा संशय आला तर त्या गाडीत दुसऱ्याला बसवा आणि त्याला दुसऱ्याच्या गाडीत. कुणी गाडी द्यायला तयार नसेल तर निदान डेटा बघा. पूर्ण अॅक्सिलरेटरवर सरळ पट्ट्यात जे मिळतं ते बहुतेक गाडीचं. ब्रेक कुठे लागला आणि वळणात किमान वेग किती राहिला, हे बहुतेक माणसाचं. 'बहुतेक' म्हणतोय, कारण टायर आणि सस्पेन्शनही वळणातच बोलतात. चालक अदलाबदलीला पर्याय नाही तो यासाठीच.

तुमच्या बाबतीत गाडीच चुकीच्या क्लासमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे, हेही सांगतो. टर्बो आणि बिनटर्बो एकाच सीसीला समान धरणं हे मुळातच चूक. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाच्या सीसीला १.७ ने गुणतात. पूर्वी हाच गुणक १.४ होता, म्हणजे त्यांनाही तो वाढवावा लागला. त्या हिशोबाने तुमची ९९९ ची गाडी १६९८ सीसीची होते, १२०० सोडा, १६०० च्याही वर. पण ही चूक तुमच्या नियमाची आहे, त्या माणसाची नाही. त्याला या हंगामाचा चषक द्या आणि नियम पुढच्या हंगामापासून बदला.

मात्र गुणक लावला की सुटलो, असंही नाही. रीमॅपने, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून, साध्या इंजिनात जेमतेम तीन ते पाच टक्के ताकद वाढते, टर्बोत सहज वीस ते तीस टक्के. बाहेरून काही दिसत नाही, लॅपटॉप जोडला की पाच मिनिटांत काम. त्यामुळे सीसी सोडून वजन आणि ताकदीवर जायचा तुमचा विचार योग्यच आहे. अमेरिकेतली नासा (अंतराळवाली नव्हे, मोटरस्पोर्टवाली) टाइम ट्रायलचे क्लास असेच पाडते आणि ताकद मोजताना एक टोकाचा आकडा न घेता सरासरी धरते. ते फार महत्त्वाचं आहे. एकाच आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) क्षणभर १५० बीएचपी (अश्वशक्ती) दाखवणारं इंजिन आणि तीन हजार आरपीएमभर १४५ धरून ठेवणारं इंजिन ट्रॅकवर सारखी नसतात.

पण ही ताकद मोजायची कशी, इथे घोडं अडतं. आम्ही सुरुवातीला 'कुठल्याही डायनोचा (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) कागद चालेल' म्हटलं. आगीतून फुफाट्यात. एकच गाडी दोन डायनोंवर दहा-बारा टक्के वेगळी निघते. त्यात करेक्शनचा, म्हणजे हवेच्या तापमान-दाबानुसार आकडा सुधारून घेण्याचा, घोळ. एसएई आणि एसटीडी या दोन पद्धतींत चारेक टक्क्यांचा फरक असतो आणि कागदावर ते एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं. शिवाय हवं तेव्हा बटण दाबून मॅप बदलणाऱ्या गाड्या. डायनोवर सात्त्विक, ट्रॅकवर तामसी.

याबद्दल आम्ही आमच्या वरच्या संस्थेला पत्र लिहिलं होतं. कोणतं करेक्शन धरायचं, वजन चालकासह की चालकाविना, असे साधे चार प्रश्न. तीन महिन्यांनी उत्तर आलं: 'परिशिष्टानुसार कार्यवाही करावी.' परिशिष्ट जोडलेलं नव्हतं. ते मागायला पुन्हा पत्र लिहिलं, तर 'यापूर्वीच कळविण्यात आले आहे.' असो. तुम्हाला चांगला अनुभव येवो, पण त्यांच्यावाचून हंगाम अडवून ठेवू नका.

शेवटी आम्ही असं बसवलं. एकच डायनो, एकच करेक्शन, आणि संशय आला तर जीपीएस लॉगरवरून पडताळा. गणित अवघड नाही. समजा चालकासह ११०० किलोची गाडी ताशी १०० ला ०.२ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश प्रवेगाने) वेग वाढवतेय. वस्तुमान गुणिले प्रवेग गुणिले वेग, म्हणजे ६० किलोवॅट. त्यात हवेचा रोध आणि टायरचं घर्षण मिळून साधारण १२-१३ किलोवॅट घाला. झाले ७२-७३, म्हणजे चाकांवर ९७-९८ बीएचपी. सपाट पट्टा आणि वारा नसलेला दिवस हवा. पाचेक टक्के इकडेतिकडे होईल, पण कागदावर ८० लिहिणारा यात सापडतो. आमच्याकडे दोघे सापडले. एकाने 'कागद जुना होता' म्हणून सांगितलं, आम्हीही ते मान्य करून त्याला योग्य क्लासमध्ये बसवलं. तमाशा केला नाही.

वजन चालकासह, आणि धाव संपल्यावर गाडी आहे तशी काट्यावर. धावेआधी करू नका. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, ४० लिटरची टाकी म्हणजे ३० किलो. वजन करून मग टाकी रिकामी करणारे महाभाग असतात. काट्याखालची जमीन सपाट हवी, हे आम्हाला दोन भांडणांनंतर कळलं.

गुणोत्तरालाही मर्यादा आहे. १०५० किलो आणि १२० बीएचपी, किंवा १५७५ किलो आणि १८० बीएचपी. दोन्हीकडे बीएचपीमागे ८.७५ किलोच. पण त्याच वेगावरून थांबताना जड गाडीच्या ब्रेकना दीडपट ऊर्जा गिळावी लागते, पाचव्या लॅपला पेडल मऊ पडतं. उलट लांब सरळ पट्टा असेल तर हवेला वजनाशी देणंघेणं नसतं, तिथे ते ६० बीएचपी जास्तीचे कामी येतात. म्हणजे ट्रॅक वळणावळणाचा की लांब पट्ट्यांचा, यावर कुणाला फायदा हे ठरतं. आम्ही यासाठी थोडं झुकतं माप ठेवलंय. ते बरोबर आहे की नाही यावर आमच्यातच दोन तट आहेत, म्हणून आकडा इथे देत नाही.

आता टायर. माझ्या मते तुमच्या भांडणाचं खरं मूळ इथे आहे आणि तुम्ही पोस्टमध्ये त्याला एकच ओळ दिलीय. दीड मिनिटाच्या लॅपला रस्त्याच्या टायरवरून सेमी-स्लिकवर गेलं की आमच्याकडे दीड ते दोन सेकंद सुटतात. एवढे सेकंद इंजिनातून काढायला केवढा उपद्व्याप करावा लागतो! म्हणून आधी टायरवर दोन भाग करा, मग ताकद-वजन बघा. आणि 'ट्रेडवेअर २०० किंवा जास्त' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. तो आकडा झिजेचा आहे, पकडीचा नाही. अमेरिकी पद्धतीत टायर टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर ७२०० मैल पळवतात, प्रमाण टायरच्या झिजेशी ताडून बघतात, आणि शेवटी आकडा जाहीर करते ती टायर कंपनीच. २०० चे दोन टायर एकमेकांपासून सेकंदभर लांब असू शकतात. चालणाऱ्या मॉडेलांची यादी हंगामाआधी लावा, रुंदीची मर्यादा घाला. रुंदी बाजूला छापलेली न धरता रिमवर चढवून मोजा.

क्लास किती? लोक अकरा मागतील. प्रत्येकाला आपल्या गाडीपुरता एक हवा असतो. ३२ गाड्यांना सहाच्या वर जाऊ नका, पाचपेक्षा कमी गाड्यांचा क्लास ठेवू नका. गुणोत्तराचे पट्टे गोल आकड्यांवर पाडण्यापेक्षा सगळ्या गाड्या एका रेषेवर मांडा आणि जिथे आपोआप फट दिसते तिथे रेघ मारा. ९ वर रेघ मारलीत आणि चार गाड्या ८.९ ते ९.१ मध्ये निघाल्या, तर वर्षभर काट्यापाशीच मुक्काम.

लॅपच्या वेळेवर क्लास पाडायचं कुणीतरी सुचवेलच. ठरलेल्या वेळेच्या आत आलात तर बाद, वगैरे. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात शेवटच्या वळणाआधी ब्रेक दाबून घड्याळाकडे बघणारे चालक तयार होतात. मला ते बघवत नाही. अमेरिकेतल्या एससीसीए या क्लबच्या ऑटोक्रॉसमधल्या (मोकळ्या जागेत शंकू मांडून घेतात ती स्पर्धा) पॅक्ससारखा निर्देशांक (वेगवेगळ्या क्लासच्या वेळा तुलनेला आणणारा गुणक) वापरून सगळ्यांचा एकत्र निकाल लावता येतो, पण तो ढीगभर स्पर्धांच्या निकालांवरून काढलेला असतो, तोही ऑटोक्रॉसच्या छोट्या, कमी वेगाच्या मार्गांसाठी. ३२ गाड्यांच्या क्लबला गंमत म्हणून ठीक, चषकासाठी नको.

एक आगंतुक सल्ला: सत्रांचा क्रम दर फेरीला फिरवा. सकाळच्या गार हवेत टर्बोवाल्यांना फुकटची ताकद मिळते. एकाच क्लासची अर्धी मंडळी सकाळी आणि अर्धी दुपारी धावली, तर नियमावली कितीही बारीक लिहा, फुकट आहे.

आणि तक्रार फक्त लेखी घ्या, निकाल लागल्यापासून अर्ध्या तासात, तक्रारदाराच्या सहीने. आमची निम्मी कुजबुज तेवढ्यानेच बंद झाली. अर्जाचा नमुना आणि वजनाचा तक्ता हवा असेल तर सांगा, पाठवतो. तक्त्यात टायरच्या रुंदीचा रकाना चुकून दोनदा आलाय, तेवढा एक खोडून घ्या.