व्हिएन्ना ते बुडापेस्ट: पहिल्यांदा जाताय तर

रेलजेट या वेगवान रेल्वेगाडीने हा प्रवास साधारण पावणेतीन तासांचा आहे, त्यामुळे विमानाच्या भानगडीत पडू नका. तिकीट काढलं म्हणजे सीट मिळाली असं नसतं. आरक्षण वेगळं करावं लागतं आणि थोडेच युरो जातात, तेव्हा ते कराच. पहिल्या खेपेला मी केलं नव्हतं, आणि आईला घेऊन वाटेतल्या ग्योर स्टेशनपर्यंत दाराशी बॅगेवर बसून गेले. अजून वाईट वाटतं.

व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य स्टेशनवर, अर्धा तास आधी पोचा. रविवारी शहरातली बहुतेक दुकानं बंद असतात, पण स्टेशनातली उघडी असतात, खाणं-पाणी तिथेच घ्या. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली दिसतील. आपला डबा कोणत्या अक्षरापाशी येणार ते बोर्डावर बघून तिथेच उभं राहा. कधी दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि दोन्ही बुडापेस्टला जातातच असं नाही, म्हणून डब्यावरचं गाव वाचूनच चढा. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमेवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, असले तरी पासपोर्ट मोठ्या बॅगेत कोंबू नका, अंगाजवळ ठेवा.

केलेनफोल्ड हे बुडापेस्टमधलं शेवटून दुसरं स्टेशन आलं की लोक भराभर उठतात. तुमचं हॉटेल बुडा बाजूला, म्हणजे डॅन्यूब नदीच्या पश्चिमेला, असेल तर तिथेच उतरा, एम४ मेट्रो मिळते. नाहीतर बसून राहा, पुढे गाडी डॅन्यूब ओलांडते. तेवढा वेळ मोबाइल खाली ठेवून खिडकीतून बघा! मग शेवटचं केलेती, १८८४चं देखणं स्टेशन. पैसे मात्र स्टेशनात बदलू नका. इथे फोरिंट चालतो, पण कार्ड बहुतेक सगळीकडे घेतात.