कांजिण्या एकदाच, सर्दी मात्र वारंवार

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला चार वर्षांपूर्वी कांजिण्या झाल्या, तेव्हा ‘आता पुन्हा व्हायच्या नाहीत’ असे डॉक्टरांनी सांगितले. सर्दी मात्र त्याला वर्षातून सहा-सात वेळा होते. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का, आणि ती वाढवण्यासाठी काही द्यावे का? शिवाय सध्या सासूबाईंना नागीण झाली आहे. ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते म्हणतात. मग ‘एकदाच’ हे खरे कसे? – एक वाचिका, सांगली

उत्तर : शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणे हे नेहमीचेच आहे, त्यामुळे एवढ्यावरून त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असे म्हणता येत नाही. खरा घोटाळा ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दातल्या ‘शक्ती’मुळे होतो. शक्ती म्हटली की ती टॉनिकने किंवा काढ्याने वाढणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या व्यवस्थेत बळापेक्षा ओळखीला महत्त्व आहे, आणि नको तिथे तिचा जोर वाढला तर दमा, ॲलर्जी किंवा आमवातासारखी दुखणी मागे लागतात.

ही ओळख कशी पटते ते पाहायला एक घरगुती उदाहरण पुरेल. पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम चिघळली, की दोन-तीन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. जखम एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, असे का? जखमेच्या जागी प्रथम धावून येतात त्या जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. समोरचा जंतू कोणता याची त्या फारशी चौकशी करत नाहीत. पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच मृत शरीरे. पण त्याच वेळी काही पहारेकरी पेशी जंतूचे तुकडे अंगावर घेऊन लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, जांघेतल्या गाठीपर्यंत जातात. त्या गाठीतून लिम्फोसाइट नावाच्या पेशींची सतत ये-जा चालू असते. यांपैकी प्रत्येक पेशीवरचा ग्राहक, म्हणजे जंतूचा तुकडा ओळखून धरणारा रेणू, वेगळ्या घडणीचा असतो आणि, नवलाची गोष्ट म्हणजे, तो जंतूची गाठ पडण्याआधीच तयार झालेला असतो. लाखो पेशींतून ज्या मोजक्या पेशींचा ग्राहक त्या तुकड्याशी जुळतो, त्यांचीच पुढे झपाट्याने वाढ होते. जमलेल्या पेशींच्या या गर्दीमुळे गाठ सुजते. जुळणाऱ्या पेशीची निवड होऊन तिचाच वंश वाढतो, ही कल्पना ऑस्ट्रेलियातील मॅक्फार्लेन बर्नेट यांनी 1957 मध्ये मांडली.

नव्या जंतूसाठी हे सगळे जमून यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या अवधीत आपण आजारी पडतो. आजार ओसरल्यावर वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जातात, पण काही स्मृतिपेशी म्हणून उरतात, तर काही पेशी अस्थिमज्जेत बसून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे, म्हणजे त्या जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, बनवत राहतात. तोच जंतू पुन्हा आला, तर बहुधा आपल्याला पत्ता लागण्याआधीच त्याचा निकाल लागतो.

ही स्मृती किती टिकते याचा एक विलक्षण दाखला उत्तर अटलांटिक समुद्रातील फेरो बेटांवर मिळाला. तिथे 1781 मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर 65 वर्षे गोवर तिकडे फिरकला नाही आणि 1846 मध्ये आला, तेव्हा सुमारे 7,800 वस्तीपैकी 6,000 हून अधिक लोकांना त्याने गाठले. पीटर पॅनम या तरुण डॅनिश डॉक्टरने तिथे जाऊन चौकशी केली, तर 1781 मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे त्याला आढळले नाही. मधल्या काळात उजळणी नव्हती, तरी ओळख पुसली गेली नव्हती.

मग सर्दीचे काय? गोवर किंवा कांजिण्यांचा विषाणू फारसे रूप बदलत नाही. सर्दीचे तसे नाही, कारण ती एका विषाणूची करणीच नव्हे. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि एकाची ओळख दुसऱ्याशी लढताना फारशी कामी येत नाही. तुमच्या मुलाकडे दर वेळी नवा पाहुणा येतो, तोंडवळा तेवढा सारखा असतो. वाढत्या वयाबरोबर ओळखी वाढतात आणि सर्दीचे प्रमाण आपोआप उतरते. मात्र वारंवार न्यूमोनिया होणे, कान सतत वाहणे किंवा वजन न वाढणे अशी लक्षणे असतील, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

आता सासूबाईंची नागीण. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो विषाणू शरीरातून जात नाही. मज्जारज्जूजवळच्या चेतागंडांत, म्हणजे मज्जापेशींच्या छोट्या गाठींत, तो दडून राहतो आणि टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) त्याला तिथेच दाबून धरतात. उतारवयात हा पहारा सैल पडला, की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून फोडांचा पट्टा बहुधा अंगाच्या एकाच बाजूला उठतो आणि म्हणूनच ‘नागिणीचे तोंड शेपटीला लागले की माणूस दगावतो’ या भीतीला आधार नाही. फोडांतील पाण्यातून नागीण लागत नाही, पण कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात. तुमच्या मुलाला त्या होऊन गेल्या असल्याने त्याने आजीजवळ बसायला हरकत नाही. तान्ह्या बाळांना आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रियांना मात्र फोडांपासून दूर ठेवावे. विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते, आणि डोळ्याजवळ फोड आले असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : वडील धनुर्वातातून बरे झाले, तरी घरी सोडताना त्यांना धनुर्वाताचीच लस दिली. हे कसे? – एक वाचक, लातूर

उत्तर : डॉक्टरांनी योग्य तेच केले. धनुर्वाताचे जंतू जखमेतच राहतात आणि घात करते ते त्यांचे विष. ते इतके जहाल असते, की जिवावर बेतण्याइतकी मात्राही लिम्फोसाइटना जाग येण्याइतकी नसते. त्यामुळे आजार होऊनही ओळख होत नाही. लशीत तेच विष निर्धोक करून भरपूर प्रमाणात दिलेले असते. ही ओळख हळूहळू फिकी पडते, म्हणून दर 10 वर्षांनी एक मात्रा घ्यावी. जखमेत माती किंवा शेण गेले असेल आणि शेवटच्या मात्रेला 5 वर्षे उलटली असतील, तर तेव्हाही घ्यावी, मग खिळा गंजलेला असो वा नवाकोरा.