तवारेसला पक मिळाला की आम्ही हुर्यो का उडवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नुकतेच न्यूयॉर्कला आलात, ऑफिसातल्या मंडळींबरोबर यूबीएस अरीनात आयलंडर्स विरुद्ध टोरांटो मेपल लीफ्स हा आइस हॉकीचा सामना पाहिलात, आणि टोरांटोच्या जॉन तवारेसच्या स्टिकला पक (हॉकीच्या चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) लागला की अख्खं स्टेडियम त्याची हुर्यो उडवत होतं. संघ सोडून इतकी वर्षं झाली तरी एवढा राग कशासाठी, हा द्वेष आहे का, आणि मग इतर खेळाडू जुन्या संघाविरुद्ध खेळायला येतात तेव्हा त्यांना टाळ्या कशा मिळतात?

मी लाँग आयलंडवर राहते, आयलंडर्सची चाहती आहे आणि त्या हुर्योत माझाही आवाज असतो. तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचं नाही, हे आधीच सांगते.

तवारेस आमच्यासाठी काय होता हे कळल्याशिवाय राग कळणार नाही. आयलंडर्सनी 1980 ते 1983 अशी सलग चार वर्षं स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. त्यानंतर जी घसरण लागली ती लागलीच. 1993 नंतर तर प्लेऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद स्पर्धेची, एक फेरीसुद्धा जिंकता येईना. (एका फेरीत एकाच संघाशी जास्तीत जास्त सात सामने, आधी चार जिंकेल तो पुढे.) 2009 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत क्लबने अठरा वर्षांच्या तवारेसला अगदी पहिला उचलला. 2013 मध्ये तो कर्णधार झाला. आणि 24 एप्रिल 2016 ला, फ्लोरिडाविरुद्धच्या सहाव्या सामन्यात, आम्ही एक गोलने मागे असताना, मिनिटभराचा खेळ उरलेला असताना त्याने बरोबरी केली. सामना दुसऱ्या जादा वेळेपर्यंत लांबला. तिथे स्वतःच्याच फटक्यावरून परत आलेला पक घेऊन तो जाळीच्या मागून वळसा घालून आला आणि त्याने गोल केला. तेवीस वर्षांचा दुष्काळ त्या एका वळशात संपला. आमच्याकडे त्या रात्री शेजाऱ्यांनी गाड्यांचे हॉर्न वाजवले होते.

2018 च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपत होता. वर्षभर तो सांगत होता की इथेच राहायला आवडेल. करार संपत आलेल्या मोठ्या खेळाडूला क्लब साधारण फेब्रुवारीतच दुसऱ्या संघाला देऊन टाकतो आणि बदल्यात तरुण खेळाडू घेतो, म्हणजे हात अगदीच रिकामे राहत नाहीत. आमच्या क्लबने तसं केलं नाही, विश्वास ठेवला. नवा व्यवस्थापक लू लॅमोरिएलो आणला. वॉशिंग्टनला नुकताच कप जिंकून दिलेला प्रशिक्षक बॅरी ट्रॉट्झ आणला. लीगच्या नियमाप्रमाणे स्वतःच्या खेळाडूला आठ वर्षांचा करार देता येत होता, इतरांना सातच वर्षांचा. तरी 1 जुलै 2018 ला तवारेसने टोरांटोशी सात वर्षांचा, 7 कोटी 70 लाख डॉलर्सचा करार केला. आम्हाला बदल्यात काहीही मिळालं नाही.

हेही एक वेळ पचलं असतं. त्याचं घर त्या भागातलं, आईवडील तिकडे. माणसाला आपल्या गावी परतावंसं वाटणं कोणाला कळत नाही? आपण सगळेच घर सोडून आलेले लोक आहोत. पण त्याच दिवशी त्याने स्वतःचा लहानपणीचा एक फोटो टाकला. लहानगा जॉन बिछान्यात झोपलाय आणि चादर-उशीवर सगळीकडे मेपल लीफ्सचं निळं पान. बालपणीचं स्वप्न पूर्ण झालं, असा त्याचा आशय.

तेव्हा माझा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे 91 नंबरची जर्सी होती, तवारेसच्या नावाची. शाळेच्या टीममध्ये त्याने नंबरही तोच मागून घेतला होता. त्याने तो फोटो टॅब्लेटवर बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "आई, म्हणजे त्याला पहिल्यापासून तिकडेच जायचं होतं का?" मला उत्तर देता आलं नाही. जर्सी त्याने घडी करून खालच्या खणात ठेवून दिली, आणि पुढे अंगाला होईनाशी झाली तशी आम्ही ती कोणाला दिलीही नाही.

माझ्या मते त्या प्रश्नातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चाहत्याला खेळाडू गेल्याचा राग येतो तो थोडे दिवस. जाताना तो मागची वर्षं खोटी पाडून गेला असं वाटलं, की तो राग मुरतो. त्या फोटोने आमची नऊ वर्षं एकदम त्याच्या प्रवासातलं स्टेशन करून टाकली. फोटो टाकताना त्याच्या मनात तसं काही नसेलही, बहुधा नसेलच. पण आम्हाला ते तसंच लागलं.

तो 28 फेब्रुवारी 2019 ला पहिल्यांदा परतला. सामना आमच्या जुन्या नासाऊ कोलिझियममध्ये होता. 1972 चं ते स्टेडियम, बुटक्या छताचं. आवाज वर जायला जागाच नाही, तो परत खाली तुमच्याच डोक्यावर आदळतो. सरावासाठी तवारेस बर्फावर आला तेव्हापासून हुर्यो सुरू झाली ती शेवटपर्यंत. लोकांनी 91 च्या जर्सीवर नावाच्या जागी टेप चिकटवून काही-बाही लिहिलं होतं. प्रेक्षकांतून जर्सी आणि प्लास्टिकचे साप बर्फावर आले. क्लबने त्याच्या सन्मानार्थ केलेली छोटी चित्रफीत दाखवली, तीही हुर्योत बुडाली. "आम्हाला तुझी गरज नाही" ही घोषणा तर किती वेळा झाली. त्या चादरीवरून पायजम्याच्या घोषणाही झाल्या. टोरांटोने पहिला गोल केला, आणि मग आयलंडर्सनी लागोपाठ सहा. 6-1. त्याआधी डिसेंबरात टोरांटोच्याच घरी आम्ही 4-0 असे जिंकलो होतो आणि त्यात आमच्या मॅथ्यू बार्झालची हॅटट्रिक होती.

"गरज नाही" ही पोकळ घोषणा नव्हती, हेही लक्षात घ्या. आदल्या मोसमात लीगमध्ये सर्वांत जास्त गोल खाणारा आमचा संघ तवारेस गेल्यावरच्या मोसमात सर्वांत कमी गोल खाणारा ठरला, आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत पिट्सबर्गला चार-शून्य असं लोळवलं. त्या रात्री लोक ओरडत होते त्यात दुखावलेपण होतं तसा अभिमानही होता.

आता टाळ्यांकडे येते. कोणी म्हणेल, क्लबच्या हाती काही लागलं नाही म्हणून राग. तर मॅट्स सुंदिनचं उदाहरण बघा. तो टोरांटोचाच जुना कर्णधार. 2008 मध्ये क्लबला तो दुसरीकडे देऊन बदल्यात काही मिळवायचं होतं, त्याने करारातला हक्क वापरून नकार दिला. मोसम संपल्यावर पुढे व्हँकूव्हरकडे गेला. टोरांटोच्या हाती काहीच आलं नाही. तरी फेब्रुवारी 2009 मध्ये तो व्हँकूव्हरच्या जर्सीत टोरांटोला आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि त्याचे डोळे भरून आले. त्याच सामन्यात शूटआउटमध्ये (बरोबरी सुटली नाही तर एकेक खेळाडू एकट्या गोलरक्षकासमोर फटका मारतो त्यात) निर्णायक गोल करून त्याने टोरांटोला हरवलं, तरीही. कारण तेरा मोसम तो तिथे मनापासून खेळला याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. त्याच्या जाण्याने मागचं काही बदललं नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण वेन ग्रेट्झकीचं. एडमंटन ऑइलर्सना चार कप मिळवून दिल्यावर 9 ऑगस्ट 1988 ला त्याला लॉस एंजेलिस किंग्जला देण्यात आलं. व्यवहारात खेळाडू होते, पुढच्या वर्षांतल्या निवडीचे हक्क होते आणि दीड कोटी डॉलर्स रोख होते. पत्रकार परिषदेत ग्रेट्झकीला रडू आवरेना. शहराने ते अश्रू पाहिले आणि राग कोणावर काढायचा ते ठरवून टाकलं: क्लबचा मालक पीटर पॉकलिंग्टन. त्याचा पुतळा जाळला गेला. कॅनडाच्या संसदेत एका खासदाराने सरकारने हा व्यवहार अडवावा अशी मागणी केली! ऑक्टोबरात ग्रेट्झकी किंग्जकडून एडमंटनला आला तेव्हा स्टेडियम उभं राहिलं. ऑइलर्स 8-6 असे जिंकले, पण त्या रात्रीचा निकाल आज किती जणांना आठवतो?

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच स्टेडियमबाहेर ग्रेट्झकीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. विचार करा, माणूस खेळतोय प्रतिस्पर्ध्याकडून आणि पुतळा इथे. आणि 15 ऑक्टोबर 1989 ला त्याच एडमंटनमध्ये, किंग्जच्या जर्सीत, त्याने गॉर्डी हाऊचा 1,850 गुणांचा (स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलला केलेली मदत मिळून) विक्रम मोडला. शेवटच्या मिनिटात केलेला तो गोल बरोबरीचा होता, म्हणजे यजमानांच्या हातातला विजय काढून घेणारा. तरी सामना थांबवून सोहळा झाला, स्वतः हाऊ तिथे होता, प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. मग जादा वेळेत ग्रेट्झकीनेच गोल करून ऑइलर्सना हरवलंही. हे मला नेहमी विलक्षण वाटतं. घरच्या प्रेक्षकांनी स्वतःच्या पराभवात आनंद मानलेला दुसरा प्रसंग मला पटकन सांगता येणार नाही.

उलटं टोक यारोमिर यागरचं. पिट्सबर्गसाठी 1991 आणि 1992 चे कप जिंकलेला हा खेळाडू 2011 मध्ये रशियातून परतणार म्हटल्यावर पिट्सबर्गकर डोळे लावून बसले. आणि तो गेला कुठे, तर फिलाडेल्फियाला, म्हणजे हाडवैऱ्याकडे. 29 डिसेंबर 2011 ला तो पिट्सबर्गला आला, हुर्यो खाल्ली, गोल केला, जिंकलाही. पण 18 फेब्रुवारी 2024 ला त्याच क्लबने त्याचा 68 नंबर कायमचा त्याच्या नावे करून छताला टांगला तेव्हा त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मध्ये बारा वर्षं गेली होती.

हार्दिक पंड्याचं 2024 तुम्ही पाहिलंच असेल. मार्चमध्ये मुंबईचा कर्णधार म्हणून तो अहमदाबादला गेला तर गुजरातचे चाहते त्याची हुर्यो उडवत होते. वानखेडेवर तर आपल्याच घरी तेच झालं, संजय मांजरेकरांना नाणेफेकीच्या वेळी प्रेक्षकांना समजवावं लागलं. आणि 4 जुलैला विश्वचषक घेऊन संघ परतला तेव्हा त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक" चाललं होतं. हॉकीचे प्रेक्षक काही वेगळ्या मातीचे नाहीत.

द्वेष आहे का, या तुमच्या प्रश्नाला मी नाही म्हणेन, आणि त्याचं कारण जॉनी गोद्रो. कॅल्गरी फ्लेम्सचा लाडका, चणीने लहान, हाताने जादूगार. 2022 मध्ये डॅलसविरुद्ध सातव्या सामन्यात जादा वेळेतला विजयी गोल त्याचाच. दोन महिन्यांत तो करार संपवून कोलंबसला गेला. जानेवारी 2023 मध्ये तो कॅल्गरीत परत आला तेव्हा त्याला पक मिळाला की हुर्यो होत होती, तुम्ही ऐकलीत तशीच. 29 ऑगस्ट 2024 ला, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, न्यू जर्सीत सायकल चालवत असताना एका गाडीने धडक देऊन जॉनी आणि त्याचा भाऊ मॅथ्यू दोघेही गेले. कॅल्गरीतल्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर लोकांनी फुलं, जर्सी, स्टिका, त्याच्या आवडीच्या शीतपेयाच्या बाटल्या आणून ठेवल्या. ढीग वाढतच गेला. त्यातले किती जण दीड वर्षापूर्वी त्याच्या नावाने ओरडले असतील! द्वेष असता तर त्या पायऱ्यांवर कोणी आलं नसतं.

म्हणून मी हुर्योच्या बाजूने आहे. जर्सी फेकण्याच्या, साप फेकण्याच्या मात्र अजिबात नाही. बर्फावर पडलेल्या वस्तूवरून ब्लेड घसरलं तर खेळाडूचा पाय कायमचा जाऊ शकतो. आणि त्याच्या बायकापोरांवरून, आईवडिलांवरून घोषणा देणारा माणूस माझ्या शेजारी बसला असेल तर मी त्याला तोंडावर सांगते. राग खेळाडूच्या निर्णयावर आहे, तेवढाच ठेवावा.

तवारेसचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. 29 एप्रिल 2023 ला टॅम्पाविरुद्ध सहाव्या सामन्यात जादा वेळेत त्याने गोल केला आणि टोरांटोने 2004 नंतर पहिल्यांदा प्लेऑफची फेरी जिंकली. दोन क्लब, दोघांचे दोन दशकांचे दुष्काळ, आणि दोन्ही संपवले या एकाच माणसाने, दोन्हीही सहाव्या सामन्यात, दोन्हीही जादा वेळेत. तो गोल मी घरी टीव्हीवर पाहिला आणि मला 2016 आठवलं. त्या रात्री मला त्याचा राग आला नाही. पुढच्या वेळी तो इथे आला तेव्हा मात्र मी सगळ्यांबरोबर ओरडले, आणि दोन्हीही मनापासून होतं.

त्याच्या शेवटच्या मोसमात तो इथे येईल तेव्हा लोक उभे राहतील असं मला वाटतं. तोवर नाही. पुढच्या वेळी तुम्ही लीफ्सची साधी जर्सी घालून आलात तर कोणी काही म्हणणार नाही, शेजारचा माणूस गप्पाही मारेल. 91 ची घालून आलात तर पार्किंगपासूनच टोमणे सुरू होतील, तेवढी तयारी ठेवा. आणि जमलं तर खालच्या मजल्यावरची, बाकांच्या जवळची तिकिटं घ्या. आवाज तिथे कसा लागतो ते वरून कळत नाही.