इंजिनिअरिंग सोडून मुलाला मेटल बँडमध्ये बेस वाजवायचाय

“मॅडम, दोन केट्या लागल्यात, दोन विषय राहिलेत, आणि हा म्हणतो बँड करायचाय. तोही मेटल, ते कर्कश रॉक! यात पोट भरतं का?” माझ्याकडे समुपदेशनासाठी डोंबिवलीहून आलेले वडील चिडलेले होते. आई गप्प, मुलगा मान खाली घालून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी वडिलांना विचारलं, “तो नेमकं काय वाजवतो?”

“तो आरडाओरडा असतो ना, ते.”

त्यांनी बँडचं रेकॉर्डिंग फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं होतं. बेसची, म्हणजे खर्जाच्या गिटारची, सर्वांत जाड तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. तेवढ्याशा स्पीकरमधून तो खर्ज बाहेरच पडत नाही. मुलाची मेहनत बापाच्या कानापर्यंत पोहोचलीच नव्हती! मी हेडफोन दिला. मुलगा बोटाने खुणावू लागला, “हा मी, बाबा. आता ड्रमरच्या पायाबरोबर जातोय.” त्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. वडिलांनी दोनदा ऐकलं. आवडलं म्हणाले नाहीत, पण “रोज किती वेळ बसतोस?” असं विचारलं. मुलाच्या कामाबद्दलचा त्यांचा हा पहिला प्रश्न.

पोटाच्या प्रश्नाला मात्र खरं उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे नुसत्या मेटलच्या कार्यक्रमांवर घर चालवणारे फार थोडे. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडचा साहिल मखिजा स्वयंपाकाचा यूट्यूब चॅनेलही चालवतो. आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस आधी ड्राफ्ट्समन होता. बँड 1975 मध्ये उभा राहिला, पहिला अल्बम आला 1980 मध्ये. बेसवादक रॉबर्ट ट्रुहिओ 2003 मध्ये मेटालिका या बँडमध्ये आला, त्याआधी त्याने कितीतरी वर्षं इतर बँडांत काढली होती. मुलाला हे सगळं तोंडपाठ होतं.

“मग तुझी ती मधली पाच वर्षं कशी जाणार?” यावर मात्र तो गप्प.

एकट्याशी बोलताना मी विचारलं, “बेस आवडतो म्हणून कॉलेज सोडायचंय, की गणिताचा एम-थ्री सुटत नाही म्हणून?” बऱ्याच वेळाने म्हणाला, “दोन्ही.” हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. नापास होण्याची भीती आणि संगीताची ओढ एकमेकांत गुंतली, की मुलं घाईने निर्णय घेतात. तो गुंता सोडवल्याशिवाय करिअरवर बोलण्यात अर्थ नसतो.

आईला धास्ती नशापाण्याची. काळ्या टी-शर्टवरून काही ठरत नाही. झोप, पैसे, मित्र यांकडे लक्ष ठेवा आणि सरळ विचारा, असं मी सांगितलं. मला काळजी वाटली ती त्याच्या कानांची. सरावानंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते, हे त्याने सहज सांगून टाकलं. 85 डेसिबल आठ तास चालतात, पण 100 डेसिबलला पंधरा मिनिटांतच कानांची सुरक्षित मर्यादा गाठली जाते, आणि बंद खोलीतल्या ड्रम-अँपचा आवाज तिथवर सहज जातो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आणि इअरप्लग, यावर मी अडूनच बसले.

मग त्याने स्वतः कागदावर मांडलं: शिकवण्या, इतरांच्या रेकॉर्डिंगला वाजवणं, ऑर्केस्ट्रात बेस, लाइव्ह साउंडचं काम. आधी केट्या, पदवी, मग एक वर्ष फक्त बेस.

एम-थ्री सुटलाय, दुसरी केटी बाकी आहे. त्या एका वर्षाला वडिलांनी होकार दिलाय, आईने अजून नाही. पुढच्या आठवड्यात त्या एकट्या भेटायला येणार आहेत.