हळदीच्या कागदावर स्वतःला काढताना

प्रिय पोरी,

तू व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या चित्राचा फोटो पाठवून चार दिवस झाले आणि माझं उत्तर नाही म्हणून रागावली असशील. पण नुसतं 'छान' लिहून मोकळं व्हावं असं ते चित्र नव्हतं गं. चेहरा सुरेख जमलाय, नाकाच्या उजव्या बाजूची सावली तर मी दोनदा झूम करून बघितली. अडलो ते त्याच्या खाली. टाळूपासून पार कंबरेखालपर्यंत सात चक्रांचे, म्हणजे योगात मानलेल्या अंगातल्या शक्तिकेंद्रांचे, सात गोल, जांभळ्यापासून लालपर्यंत, सगळे एका मापाचे, कंपास लावून काढल्यासारखे. चेहरा तुझा आहे आणि अंग कुठल्याही योगा क्लासच्या पोस्टरवरचं.

ते इंद्रधनुष्याचे रंग फार जुने आहेत असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण ती मांडणी गेल्या शतकातली, पश्चिमेकडे रुळली आणि फिरून आपल्याकडे आली. बंगालमध्ये पूर्णानंदांनी 1577 मध्ये षट्चक्रनिरूपण लिहिलं, त्यात मणिपूराच्या, म्हणजे बेंबीपाशच्या चक्राच्या, दहा पाकळ्या पावसाळी ढगासारख्या काळ्या आहेत. म्हणजे बेंबीपाशी पिवळा सूर्य शोधायला गेलं तर तिथे ढग भेटतो, आणि त्या ढगाच्या आत अग्नीचा तांबडा त्रिकोण. किती जिवंत चित्र आहे बघ हे! नाथपंथाच्या सिद्धसिद्धांतपद्धती या ग्रंथात तर चक्रं नऊ आहेत. ज्यानं त्यानं आपल्या साधनेतून, आपल्या अंगात डोकावून हा नकाशा काढला, म्हणून तर ते एकमेकांसारखे नाहीत. तुझाही कुणासारखा असायचं कारण नाही.

तर आता रंग बाजूला ठेव. आठवडाभर ब्रशला हातच लावू नकोस. सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी चटईवर उताणी पड, पाच-दहा मिनिटं, आणि कुठे ऊब आहे, कुठे गच्च आवळलंय, कुठे काहीच कळत नाही एवढंच वहीत टिप. काहीच कळत नाही ती जागा सगळ्यात महत्त्वाची, ती भरून काढायची घाई करू नकोस, कागदावर ती कोरीच राहू दे. दिवसभरातलंही टिप. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहून खालचं कृष्णेचं पाणी बघताना पायात काय होतं, गणपतीत ढोलाचा ठोका पहिल्यांदा कुठे बसतो (माझ्या बेंबीच्या वर दोन बोटं बसतो, कायम तिथेच). आणि जमलं तर मिरजेला जा, तंबोरे करणाऱ्या कुणाकडे तरी विनंती करून तारा छेडत असताना भोपळ्यावर तळहात टेकव, डोळे मीट, तो झणका हातातून दंडात आणि दंडातून छातीत कसा शिरतो ते बघ. हृदयाच्या चक्राचं नाव अनाहत, आणि अनाहत म्हणजे आघाताशिवाय उमटणारा नाद, हे मला पुस्तकात वाचून कधी कळलं नव्हतं, तार थांबल्यावर छातीत जे उरलं होतं त्यानं थोडंसं कळलं.

एक मात्र बजावून सांगतो, हा डॉक्टरांचा नकाशा नाही. पोटात दुखत असेल तर मणिपूर रंगवत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात जायचं.

माझं सांगतो, आजवर कुणाला दाखवलं नाहीये. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात ते माझ्या छातीपर्यंत होतं. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची एक रेघ राहिली, सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी. चाळीस वर्षांची स्केचबुकं तळकपाटात होती, सगळ्यांचा लगदा झाला. पुढे पाच-सहा महिने मला काही काढताच येईना, कागद समोर घेतला की श्वास छातीच्या वर यायचा नाही. मग एकदा रात्री ब्राऊन पेपर जमिनीवर पसरून त्यावर आडवा झालो, बायकोला म्हटलं माझ्याभोवती पेन्सिल फिरव. उठून बघतो तर ती बाह्यरेषा मला अगदी परक्या माणसाची वाटली. त्या माणसाच्या छातीवर मी भिंतीवरच्याच मापानं एक मातकट रेघ मारली, बाकी काही नाही. ती रेघ बरोबर अनाहताच्या जागेवरून गेली होती, हे मला दुसऱ्या दिवशी उजेडात दिसलं. त्यानंतर हळूहळू त्या रेघेच्या वर काय आहे, खाली काय आहे, असं करत चित्र वाढत गेलं, सव्वा वर्ष लागलं. तुझ्याही अंगावर अशी एखादी रेघ असेल, तुझ्या घरातली, तुझ्या दिवसांतली. ती आधी शोध. कमळं त्याच्या मागून येतात.

रंग विकत आणू नकोस. सांगलीत राहून पिवळा रंग ट्यूबमधून काढायचा म्हणजे काय! मूलाधार म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाचं चक्र, त्याचं तत्त्व पृथ्वी, तिचा आकार पिवळा चौकोन. हळद कोमट पाण्यात कालव, चौकोन भर, पूर्ण वाळू दे. खायचा चुना पाण्यात रात्रभर ठेवून वरची निवळी घे, बारीक ब्रशनं त्या पिवळ्यावर कुंडलिनीची, म्हणजे मूलाधारात वेटोळं घालून झोपलेल्या शक्तीची, साडेतीन वेटोळी काढ. ब्रश पुढे सरकतो तशी मागे लाल रेघ उमटत जाते, डोळ्यांसमोर. हळद आणि चुना, म्हणजे आपलं कुंकूच की. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीला कुंकवानं न्हालेल्या नागाच्या पिलाची उपमा आहे, ती मी तीसेक वर्षं नुसती वाचत होतो, त्या दिवशी ती माझ्या ब्रशखालून निघाली. अंगावर काटा आला, खरं सांगतो. वाळल्यावर तो लाल जरा विटकरी होतो, होऊ दे. निवळीचा हात डोळ्याला लावू नकोस, आणि चित्र उन्हात टांगू नकोस, हळद उन्हानं उडते. काळ्यासाठी काजळी धर, तांबड्यासाठी गेरू घे, निळ्यासाठी घरातली नीळ चालेल.

आता पाकळ्या. मूलाधारापासून भुवयांच्या मधल्या चक्रापर्यंत, खालून वर सहा चक्रांच्या: चार, सहा, दहा, बारा, सोळा, दोन. बेरीज करून बघ, पन्नास होते, आणि तितकीच अक्षरं त्यांच्यावर लिहिलेली असतात. मूलाधारावर व श ष स. हृदयाच्या बारा पाकळ्यांवर क पासून ठ पर्यंत. गळ्यातल्या विशुद्धाच्या सोळा पाकळ्यांवर सगळे स्वर. म्हणजे वर्णमालाच अंगात वरखाली वाटून ठेवलीय, आणि माझ्या मते पोर्ट्रेट म्हणून यातली सगळ्यात मोठी जागा हीच. तुझ्या नावाची अक्षरं कुठे कुठे पडतात ते शोध, तेवढ्याच पाकळ्या भर, बाकीच्या नुसत्या रेषेत सोड. असं केलं की तुझं अंग दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही. मी माझं नाव असं शोधत असताना मध्येच 'आई' लिहून बघितलं. दोन्ही स्वर. अख्खा शब्द गळ्यात. ती गेली तेव्हा माझा आवंढा जिथे अडकला होता तिथेच. त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

सवड काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय बघच, पण मी वेगळ्या कारणासाठी सांगतोय. औंधचे राजे असलेल्या ज्या पंतप्रतिनिधींनी ते उभं केलं ते स्वतः चित्रं काढायचे आणि सूर्यनमस्कार घराघरात पोचावेत म्हणून धडपडायचे. त्याच गावात येऊन राहिलेले पंडित सातवळेकर मुळात व्यक्तिचित्रं काढणारे, आणि तेच पुढे वेदांवर नि योगावर आयुष्यभर लिहीत राहिले. तुला वाटतं ना की ध्यान एकीकडे आणि ड्रॉइंग एकीकडे, घरचेही तेच म्हणतात. औंधात एकाच माणसाचा हात दोन्ही करत होता.

घरी एवढं कर. चार ब्राऊन पेपर मागून चिकटव, हॉलमधलं टेबल सरकव, आणि बाह्यरेषा आईलाच काढायला सांग, मैत्रिणीला नको. ती म्हणेल मला कुठं येतंय, तरी तिच्याच हातात पेन्सिल दे. डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करायला लाव. काखेपाशी पेन्सिल आली की गुदगुल्या होतात, हलू नकोस, आणि हललीस तर ती वाकडी रेघ खोडू नका.

तुझा,
सर