माळ्यावरचे रिव्हॉल्व्हर

प्रश्न : पावसाळ्यापूर्वी घराची कौले परतताना माळ्यावरच्या पेटीत, चामड्याच्या म्यानात, पणजोबांचे तळहातात मावेल एवढे रिव्हॉल्व्हर सापडले. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पॉलिश पेपरने घासून त्याला निकेल चढवावे, असे धाकटा भाऊ म्हणतो. मला मात्र एकोणिसाव्या शतकातील अशी रिव्हॉल्व्हरे जमवावीशी वाटतात. शंभर वर्षांपूर्वीच्या हत्याराला परवाना लागत नाही, हे खरे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : पॉलिश पेपर आधी भावाच्या हातून काढून घ्यावा. छायाचित्रात सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, मागच्या काठावर बारीक खाचा दिसतात, आणि चाप विळीच्या पात्यासारखा पोटाशी मिटतो. यावरून हे पिनफायर जातीचे, खिशात बाळगायचे रिव्हॉल्व्हर असावे. या जातीच्या काडतुसाच्या अंगातून आडवी पितळी पिन बाहेर येते, ती खाचेत बसते आणि घोडा वरून तिच्यावरच आदळतो. त्याच काळातील कोल्टचे १८४९ चे .३१ बोअरचे पॉकेट रिव्हॉल्व्हर दारू, गोळी आणि दारू पेटवणारी स्फोटक टोपी वेगवेगळी भरून तयार करावे लागे. त्या मानाने हे फारच सोयीचे होते. मात्र छायाचित्रात वरच्या तीनच खाचा दिसतात. खालच्या एखाद्या खाचेतून पिन डोकावत असेल, तर आत काडतूस आहे असे समजून वस्तूला हात लावू नये, कारण पिनेवर बसलेला साधा धक्काही पुरेसा ठरू शकतो.

सिलिंडरवर लंबवर्तुळात 'ईएलजी' ही रोमन अक्षरे आढळली, तर तो बेल्जियममधील लिएज येथील चाचणीचा शिक्का होय. त्यावर मुकुट नसेल, तर तो शिक्का १८९३ पूर्वीचा. कारखान्याचे नाव नसलेल्या वस्तूची ओळख अशा नखाएवढ्या खुणेवरच ठरते, आणि पॉलिश पेपर नेमकी तीच खूण आधी खातो.

परवान्याबाबत आपण ऐकलेले अर्धेच खरे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ ची सूट केवळ वयावर मिळत नाही. दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी त्या हत्याराची अवस्था असावी लागते. त्याचा निवाडा घरी करू नये. हत्यार घेऊन ठाण्यात न जाता आधी पोलिसांना लेखी कळवावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे विचारणा करावी. संग्रहाचा विचारही यानंतरच करावा, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला, वारसाहक्काने आलेली धरूनही, दोनच बंदुका ठेवता येतात.

कायदेशीर बाजू मार्गी लागून वस्तू आपल्याकडेच राहिली, तर तिला म्यानात परत घालू नये. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत चामडे ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खाल्ले जाते. खोबरेल लावण्याचा मोहही टाळावा. ते कालांतराने चिकट होते. शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात पुरे, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या वरचेवर बदलाव्यात. म्यान मात्र टाकू नये, वेगळे ठेवावे. जुन्या वस्तूंच्या जाणकाराला त्याची शिवण पाहण्यातही तेवढाच रस असतो.